एका चुलीवर किती माणसं?

माझं काम लोकांना त्यांच्या स्वयंपाकघराबद्दल विचारायचं. गेली पंचवीसेक वर्षं मी नाशिक जिल्ह्यात दारोदार फिरून हेच करते आहे. गेल्या सात दिवसांत घरात मीठ किती लागलं, कांदे किती, भाकरी ज्वारीची होती की बाजरीची, गेल्या महिन्यात केस कापायला काय गेलं. सरकारच्या आकडेवारीच्या कामात मी अगदी तळाला आहे. माझ्याखाली फक्त जिने.

दर काही महिन्यांनी पेपरात बातमी येते, की देशाच्या एकूण उत्पन्नात लोकांच्या घरखर्चाचा वाटा वाढला किंवा घटला. देशात वर्षभरात जे काही पिकलं, बनलं आणि ज्या काही सेवा दिल्या गेल्या, त्या सगळ्याची किंमत एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, घराघरांनी वस्तू आणि सेवा घेण्यासाठी केलेला खर्च. दोन्हींची तुलना करून टक्के काढतात. बातमीशेजारी एक बाण असतो, वर जाणारा किंवा खाली येणारा. बातमी आली की आमच्या सोसायटीतले लोक मला लिफ्टमध्ये गाठतात आणि विचारतात, "मॅडम, वाढला म्हणजे चांगलं की वाईट?"

मला सांगता येत नाही. लोक जास्त खायला लागले म्हणून वाटा वाढू शकतो, आणि देशाचं उत्पन्न आटलं म्हणूनही वाढू शकतो. माझ्या कामाचा त्या आकड्यात नेमका किती आणि कुठे उपयोग होतो, हेही मला धड ठाऊक नाही. वरच्या मजल्यांवर बरीच वेगळी गणितं होतात म्हणे.

मला याद्यांची सवय आहे. पिशवीत काय घ्यायचं याची यादी, कुठल्या घरात कुत्रा आहे याची यादी, कुठल्या सोसायटीचा वॉचमन ओळखपत्र बघूनही सोडत नाही याची यादी. त्या वेळच्या वेळी पूर्ण होतात. एक मात्र सारखी वाढते. ती कामात न कळलेल्या गोष्टींची. त्यातल्या काहीच गोष्टी, नावं-पत्ते बदलून, इथे सांगते, कारण सगळ्या लिहायच्या तर तुमचा दिवाळी अंक पुरायचा नाही.

आधी काम समजून घ्या. आम्ही सगळ्यांकडे जात नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही घरं निवडून येतात आणि त्यांच्याकडेच जावं लागतं. शेजारचं घर बोलकं आहे, चहा चांगला देतं, म्हणून तिकडे जायची मुभा नाही. निवडलेल्या घरी महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन वेळा जायचं. पहिल्यांदा खाण्यापिण्याचं विचारायचं. दुसऱ्यांदा साबण, औषधं, रिक्षा, मोबाईल, फी असलं सगळं. तिसऱ्यांदा कपडे, भांडी, फ्रीज, पंखे. पूर्वी कागद होते, आता टॅब आहे. कागदावर समासात टीप लिहिता यायची. टॅबला समास नाही.

आणि या सगळ्याच्या आधीचा पहिला प्रश्न, ज्यावर बाकीचं उभं आहे: एका चुलीवर किती माणसं जेवतात? आमच्या कामात घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. एका दारामागे दोन चुली असतील तर ती दोन घरं. नातं असो वा नसो, भांडण असो वा नसो. शिकायला हे पाच मिनिटांत येतं. म्हणून मला बरीच वर्षं वाटत होतं की हा सगळ्यांत सोपा प्रश्न आहे.

आणखी एक नियम सांगून ठेवते, पुढे लागेल. पाहुणा जेवला तर ते जेवण यजमानाच्या घरखर्चात धरायचं. मोलकरणीला दुपारचं जेवण दिलं तर तेही देणाऱ्याच्याच घरात. ज्याने खाल्लं त्याच्याकडे नाही, ज्याने शिजवलं त्याच्याकडे. त्यामुळे मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. लोकांच्या घरी पाणी घ्यायचं, चहा नाही. चहा घेतला की त्या घराच्या दुधासाखरेत मी शिरले. मोजणाऱ्याने मोजमापात शिरू नये, एवढं तरी मला कळतं.

मालेगावला ही शिस्त पाळणं कठीण. तिथे एका यंत्रमागवाल्याच्या घरी मी तासभर बसले होते. बाहेर मागांचा खडखडाट इतका, की प्रश्न दोनदा विचारावा लागे. घरचा चहा लिहून झाला. मग हॉटेलातला चहा विचारला, कारण तो वेगळा लिहायचा असतो.

"दिन में कितनी चाय होती है, बाहर?"

"मॅडम, चाय भी कोई गिनता है क्या? चाय तो पानी है."

पडद्यामागून त्याची बायको म्हणाली, "गिनो, गिनो. आज मालूम तो पडे घर में शक्कर क्यों बचती है."

तो हसला आणि बोटं मोजायला लागला. पहिला हात संपल्यावर थांबून म्हणाला, "इसमें से आधी तो सेठ पिलाता है. वो मेरी कि सेठ की?" मी नियम आठवून सांगितलं की सेठने पाजलेली त्याची नाही. तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "तो फिर इनका पूरा दिन सेठ के खाते में लिखो." हे कुठे लिहायचं, ते टॅबमध्ये नव्हतं.

गंगापूर रोडवरचं घर उलट्या टोकाचं. मोठ्या कंपनीतले इंजिनिअर, सगळा खर्च फोनमध्ये, विचारलं की दाखवत होते. पण त्यांनी मलाच प्रश्न टाकला. "मॅडम, हा फोन बाहेरच्या देशात बनलेला. ही खुर्ची बाहेरची. मुलाचे बूट बाहेरचे. खर्च आमचा म्हणून तुम्ही लिहिणार, पण बनलं तर इथे काहीच नाही. मग ते आपल्या देशाच्या उत्पन्नात कसं?"

मी ऑफिसात येऊन आमच्या खैरनार साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "आयात वजा होते."

"मी तर काही वजा केलं नाही."

"तुम्ही नाही हो. वर होते."

"वर कोण करतं?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "काही देशांत तर माणसं, सरकार, कारखाने सगळ्यांचा मिळून खर्च देशाच्या उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांच्या वर जातो. बाहेरून आणून खर्च करतात." मी म्हटलं, शंभराच्या वर कसं जाईल, आपल्या घरात असं झालं तर? "आपल्या घरात झालं तर त्याला उधारी म्हणतात," साहेब म्हणाले, आणि जेवणाचा डबा उघडला. हे यादीत टाकलं.

पण ज्या घरामुळे माझा सगळ्यांत सोपा प्रश्न कायमचा अवघड झाला, ते पंचवटीतलं.

गेल्या वर्षी श्रावणात ते घर निवडून आलं. तीर्थोपाध्याय कुटुंब. बाहेरगावचे यजमान गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, श्राद्धाला यायचे, गुरुजी विधी करायचे आणि यजमानांची पानं घरीच वाढली जायची. यादी करणारे आमचे लोक आधी येऊन गेले होते तेव्हा गुरुजींनी माणसं पाच सांगितली होती. गुरुजी, त्यांची बायको म्हणजे काकू, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि गुरुजींच्या धाकट्या, दिवंगत भावाची पत्नी, सुमनताई. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यापासून यजमानांचा सगळा सोवळ्यातला स्वयंपाक त्या एकट्या करत होत्या. काकूंचे गुडघे गेलेले होते.

मी बैठकीच्या खोलीत बसले. टॅब उघडून नेहमीप्रमाणे विचारलं, "एका चुलीवर किती माणसं?"

"पाच," गुरुजी म्हणाले.

"चार," आतून आवाज आला.

काकूंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. गुरुजींनी पाहिलं नाही. ते म्हणाले, "पाच लिहा, मॅडम. ती गंमत करते."

सुमनताई पदराला हात पुसत दारात आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, सडसडीत बाई. "गंमत नाही. गेले चार दिवस मी या चुलीवरचं खाल्लेलं नाही. मागच्या खोलीत विजेच्या शेगडीवर माझं मी करते."

"आणि पीठ?" गुरुजी म्हणाले. "पीठ कुठलं?"

"पीठ शिध्याचं. शिधा या घरात माझ्या नवऱ्याच्या यजमानांचाही येतो, दादा."

मला वाटलं मी उठावं. पण उठायचं कुठे, माझा पहिलाच प्रश्न अडला होता. मी नियमाने विचारलं, "ताई, गेल्या महिन्यात बरेच दिवस कुठे जेवलात?"

"बरेच दिवस इथेच."

"मग नियमाने पाच होतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्हीही पाचच लिहिणार."

मग सगळं बाहेर आलं. सुमनताईंना कॉलेजच्या मुलांचे डबे सुरू करायचे होते. त्यासाठी मागच्या खोलीत त्यांच्या नावावर गॅस हवा, गॅससाठी स्वतंत्र रेशनकार्ड हवं, आणि कार्डासाठी आधी घरच्या कार्डातून नाव कमी करायला हवं. त्या अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही लागते. गुरुजी सही करत नव्हते. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की "नाव कमी करायचं म्हणजे उद्या सगळी गल्ली म्हणणार, भावाच्या मागे भावजयीला घराबाहेर काढली. मी कुणाकुणाला सांगत बसू की ती मागच्या खोलीतच आहे?"

सुमनताईंना वाटत होतं की सरकारची बाई चार लिहून गेली की त्यांची चूल वेगळी ठरेल. मी समजावलं, की माझ्या टॅबमधली माहिती गुप्त असते. रेशन ऑफिसला ती जात नाही, कुणालाच जात नाही. मी पाच लिहिलं काय आणि चार लिहिलं काय, तुमचं काही अडत नाही आणि सुटतही नाही.

"मग लिहिता कशाला?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्या आत गेल्या. मी पुढचे प्रश्न सुरू केले, कारण प्रश्न पुष्कळ होते आणि मला दुसरं काही येत नाही. तांदूळ. विकतचा की मिळालेला?

"मिळालेला. शिध्याचा," गुरुजी म्हणाले.

"सगळा घरात लागला?"

"छे. एवढा तांदूळ कोण खाणार? बराचसा कोपऱ्यावरच्या दुकानात परत देतो. तो पुढच्या यजमानाला विकतो."

"म्हणजे यजमान तोच तांदूळ विकत घेतो, तुम्हाला देतो, तुम्ही दुकानाला देता, आणि पुन्हा पहिल्यापासून?"

"तसंच म्हणा."

"मग खाल्ला कुणी?"

"पितरांनी," गुरुजी शांतपणे म्हणाले. काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

मी पेन्सिल घेऊन पिशवीतल्या एका कागदावर आकृती काढायला लागले. एक यजमान, त्याच्या घरी माझ्यासारखीच कुणी टॅब घेऊन गेली असेल तर तिने त्या तांदळाचे पैसे खर्चात धरले असणार. पुढच्या यजमानाकडे दुसरीने धरले असणार. तांदूळ एकच. शिजला एकदाही नाही. मी साहेबांना तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही या घरात काय शिजलं तेवढंच लिहा. पितरांचा कॉलम नाही आपल्याकडे."

"आणि साहेब, इथे एक बाई वेगळी जेवते."

"चूल मोजा. माणसं मोजू नका."

रिक्षाने परत येताना हा सल्ला मी पुष्कळ वेळा मनात उलटसुलट केला. सुमनताई घरातल्या धरल्या, तर त्या रोज वीस-पंचवीस पानांचा स्वयंपाक करतात त्याची किंमत शून्य. घरच्या बाईने घरात केलेलं काम देशाच्या उत्पन्नात येत नाही. त्याच बाईला वेगळ्या घरातली धरली, आणि तिने तोच स्वयंपाक पैसे घेऊन केला, तर ती सेवा. तिला किंमत. ती देशाच्या उत्पन्नात. पातेलं तेच, गवारीची भाजी तीच, आमसुलाची चटणी तीच. मध्ये फक्त एक भिंत येते. मी शिकलेली आहे, नियम मला पाठ आहेत, आणि तरी त्या दिवशी द्वारका चौकात रिक्षा अडकली होती तोवर मला हे पटवून घेता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. घराबाहेर चपलांचा खच. आत यजमान ताटकळलेले. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वडे तळत होत्या आणि दर वड्यागणिक गुडघ्याला हात लावत होत्या. सुमनताई दिसल्या नाहीत. त्या मागच्या खोलीत होत्या. दार लोटलेलं होतं.

मला पाहून गुरुजी पडवीत आले. सोवळं नेसलेले, कपाळावर घाम.

"मॅडम, तुमच्यावर माझा राग आहे."

"माझ्यावर?"

"तुम्ही आलात आणि या घरात दोन चुली झाल्या. तुम्ही विचारलंत म्हणून तिने चार म्हटलं. एकदा चारचौघांत म्हटल्यावर तिला मागे येता येईना. आता म्हणते, वेगळी आहे तर वेगळ्या बाईसारखं पैसे देऊन बोलवा. परवा बाहेरून जेवण मागवलं. भाजीत लसूण निघाला. श्राद्धाच्या पानात. यजमान पानावरून उठले हो."

 थर्मामीटर लावल्यामुळे ताप येत नाही, असं मी लोकांना नेहमी सांगत आले. तिथे ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. विचारलं नसतं तर ती बाई चार म्हणाली नसती, हे खरंच होतं. आणि चार दिवस ती वेगळी जेवत होतीच, हेही खरं होतं.

"मी नंतर येते," मी म्हटलं.

"या आता आलाच आहात तर. विचारा. साबण का काय ते."

म्हणून मी पडवीतच साबण, दात घासायची पेस्ट, मुलांची फी, मोबाईल हे सगळं विचारलं. गुरुजी एका डोळ्याने यजमानांकडे बघत उत्तरं देत होते. औषधांवर आले तेव्हा ते थांबले. "हिच्या गुडघ्याचं मलम. या महिन्यात जास्त लागलं." मग आवाज खाली आणून, "तेही लिहा."

निघताना मागच्या खोलीवरून जावं लागतं. दार किलकिलं झालं. सुमनताईंनी विचारलं, "काय म्हणाले दादा?"

मला नियमाने दुसऱ्याची उत्तरं सांगता येत नाहीत. तसं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी करायला तयार आहे, हे त्यांना माहीत आहे. पानाला किती ते त्यांना ठरवू दे, आणि सही हवी. पैसे नंतर दिले तरी चालतील. सही आधी." मग हळू आवाजात, "पंधरवड्यात पितरांना उपाशी ठेवलं म्हणून मला पाप लागेल का हो, मॅडम?"

"मला यातलं काही कळत नाही, ताई."

"मलाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर महिनाभर मी इतर घरं केली. पण प्रत्येक दारात पहिला प्रश्न विचारताना जीभ जरा अडखळायची. एका घरात सासू-सून दोघी एकदम उत्तर द्यायला लागल्या तर मी घाईघाईने म्हटलं, "विचार करून सांगा, घाई नाही." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर दोघींचं एकच होतं. सात.

तिसरी खेप दिवाळीच्या आधी. पंचवटीच्या त्या घरात गुरुजी झोपाळ्यावर बसले होते. चेहरा निवळलेला. मी विचारायच्या आत म्हणाले, "चार. आता चार लिहा."

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी त्यांनी सही केली होती. गल्ली काय म्हणेल याचं उत्तरही त्यांनी शोधून ठेवलं होतं. विचारणाऱ्याला सांगत होते, "सुमनने व्यवसाय काढला. आमची पानं आता तिच्याकडून येतात." यजमानांच्या प्रत्येक पानामागे पैसे ठरले होते. तीच बाई, तीच गवारीची भाजी. आता ती गुरुजींनी विकत घेतलेली सेवा होती. देशाचं उत्पन्न तेवढं वाढलं असणार. कुणाच्या पोटात एक घास जास्त गेला नव्हता. बाण वर गेला की चांगलं की वाईट, हे मला लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर मी आता नाव न घेता या घराची गोष्ट सांगते आणि पाचवा मजला येतो.

मी पंखे, भांडी, कपडे विचारले. काकूंनी गुडघ्याचा नवा पट्टा दाखवला. काम संपलं. टॅबवरचं बटण दाबलं आणि ते घर माझ्याकडून कायमचं बंद झालं.

मागच्या खोलीशी सुमनताई उभ्याच होत्या. नवं लुगडं नव्हतं, तसंच साधं पातळ. पण केस नीट बांधलेले, आणि दारात एक खुर्ची मांडून ठेवलेली. आत ओट्यावर दोन बर्नरची गॅसची शेगडी, आणि खाली भिंतीशी स्टीलचे डबे ओळीने.

"या, बसा. मी तयार आहे."

"कशाला, ताई?"

"विचारा ना. मी महिनाभर लक्षात ठेवलंय सगळं. मीठ, तेल, डाळ. डब्यांचं वेगळं आणि माझ्या पोटाचं वेगळं. तुम्ही मागे पडवीत दादांना सांगत होतात ना, व्यवसायाचं आणि घरचं वेगळं धरायचं, ते मी दारामागून ऐकलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. निवडून आलं होतं ते गुरुजींचं घर. सुमनताई त्यात होत्या तोवर माझ्या टॅबमध्ये होत्या, पाचांतल्या एक म्हणून, स्वतःच्या तोंडाने नको म्हणत असताना. आता त्यांचं स्वतःचं घर झालं होतं आणि ते घर निवडलेलं नव्हतं. पुन्हा कधी चिठ्ठीत येईल याचा काही भरवसा नाही. बहुतेक घरं कधीच येत नाहीत.

मी ते सांगितलं. सरळ सांगितलं, मला दुसऱ्या पद्धतीने सांगता येत नाही.

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे घरातली होते तेव्हा मोजलंत. आणि आता नाही."

"नियम तसा आहे."

"बरा आहे नियम," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. कढईखालचा गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाठ करून काहीतरी ढवळत राहिल्या. पिठल्याचा वास येत होता.

मला पुढे दोन घरं होती. यादीत वेळाही लिहिलेल्या होत्या. मी टॅब पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली आणि खुर्चीवर बसले.

"ताई, एका चुलीवर किती माणसं?"

त्या वळल्या. पिशवीकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "लिहिणार कुठे?"

"कुठेच नाही."

त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. मी नेहमीच्या क्रमाने विचारत गेले. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, कांदा, दूध. कुठे अडल्या तर मी थांबले. शिध्याचं आता काहीच नव्हतं, सगळं विकतचं. मोजूनमापून सांगत होत्या, आणि एकदा म्हणाल्या, "साखर जास्त वाटते का हो?" मी म्हटलं, माझं काम विचारायचं, मत द्यायचं नाही.

सगळं संपल्यावर त्यांनी ताट घेतलं. भाकरी, पिठलं, ठेचा, बाजूला कांदा फोडून. माझ्यासमोर ठेवलं.

माझी शिस्त मला पाठ होती. पाणी चालेल, म्हणायचं.

"पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं," त्या दुसरं ताट घेत म्हणाल्या. "रोज एक. आज दोन."

मी हात धुवायला उठले.